पाणी किती अंशाचं हवं?

सुरतेच्या लिंबायत, डिंडोली, उधना, पांडेसरा या भागांत मराठी बोलणाऱ्यांची दाट वस्ती आहे. बहुतेकांची मुळं जळगाव, धुळे, नंदुरबारची. उधना-जळगाव लाइनने माणसं आली, कुणी लूमवर लागलं, कुणी डाइंग-प्रिंटिंगच्या मिलमध्ये. आमचंही तसंच. माझे मेहुणे पांडेसऱ्याच्या एका प्रोसेस हाऊसमध्ये आयुष्यभर बॉयलरवर होते. सेकंड क्लासचं सर्टिफिकेट घेऊन लागले, फर्स्ट क्लास होऊन निवृत्त झाले. माझी मुलगी इथल्याच एसव्हीएनआयटीतून मेकॅनिकल इंजिनीयर झाली आणि लग्नानंतर म्युनिकजवळ स्थायिक झाली. तिथे त्यांनी १९७८ सालचं एक घर घेतलं आहे. त्याच्या तळघरातल्या गॅस बॉयलरला वीस वर्षं उलटून गेली आहेत, आणि तो काढून हीट पंप बसवायचं तिच्या मनात आहे.

सुरतेत घर तापवावं लागत नाही. इथली थंडी म्हणजे जानेवारीच्या पहाटे चौदा-पंधरा अंश. तरीही या बाबतीत सल्ला विचारायला तिच्या मामांइतका योग्य माणूस आमच्या घरात दुसरा नाही, कारण उष्णता तयार करणं आणि ती वाया जाऊ न देणं हेच त्यांचं काम होतं. डिसेंबरच्या सुट्टीत मुलगी आली, तेव्हा दोघांचं जे बोलणं झालं ते मी लिहून ठेवलं. दोघं एका बाजूचे नव्हते आणि शेवटपर्यंत झाले नाहीत. त्यांच्या वादात एक प्रश्न पुन्हा पुन्हा येत राहिला: रेडिएटरमध्ये फिरणारं पाणी किती अंशाचं लागतं? थंड देशात घर घेतलेल्या आपल्या मुलाबाळांनी हा प्रश्न सगळ्यात आधी विचारावा असं मला मनापासून वाटतं, म्हणून हे छापायला देतो आहे.

मामा : मला आधी एक सांग. बाहेर उणे दहा. अंगणात बर्फ. त्या हवेतून तू घर गरम करणार म्हणतेस. त्या हवेत उष्णता आहे कुठे?

भाची : आहे, मामा. उष्णता पूर्ण संपते ती उणे २७३ अंशाला. उणे दहाची हवा त्याच्या २६३ अंश वर आहे. आपल्याला ती गार लागते, कारण आपलं अंग ३७ अंशांचं. तिच्याहून गार काही तिच्यापुढे ठेवलं की उष्णता त्यात आपोआप जाते. या मशीनमध्ये प्रोपेन फिरतो. उघड्यावर तो उणे ४२ अंशालाच उकळतो. दाब सांभाळला की उणे दहाच्या हवेतही त्याची वाफ होते.

मामा : प्रोपेन? सिलिंडरमधला?

भाची : तोच. आपल्या एलपीजीत प्रोपेन आणि ब्युटेनच असतात. तुम्ही तो जाळता, मी बंद नळीत फिरवणार. किलो-दीड किलो, एकदाच भरायचा. बाहेरच्या कॉइलमध्ये तो उकळतो, काँप्रेसर ती वाफ दाबतो, दाबली की ती तापते, घरात फिरणाऱ्या पाण्याला उष्णता देते आणि पुन्हा पातळ होते. मग व्हॉल्व्हमधून सुटून गार होते आणि परत बाहेरच्या कॉइलमध्ये.

मामा : म्हणजे एसीच की.

भाची : उलटा एसी. मे महिन्यात आपल्या गॅलरीतल्या आउटडोअर युनिटसमोर उभं राहवत नाही. खोलीतून उपसलेली उष्णता आणि काँप्रेसरने घेतलेली वीज, दोन्ही मिळून तिथून बाहेर पडतात. म्युनिकमध्ये तीच गरम बाजू घराच्या आत. हॉट अँड कोल्ड एसी आपल्याकडेही मिळतो, त्यात फक्त एक रिव्हर्सिंग व्हॉल्व्ह जास्त असतो.

मामा : वाफ दाबली की तापते हे मला शिकवू नकोस. सांडपाणी आटवायच्या प्लांटमध्ये एमव्हीआर असतो, तिथे हेच करतात. पाण्याची वाफ दाबायची आणि तिच्याच उष्णतेने पुढचं पाणी उकळायचं.

भाची : आणि हीट पंपाचा इतिहास तिथूनच सुरू होतो! १८५६ मध्ये ऑस्ट्रियात एबेन्सेला पीटर फॉन रिटिंगर यांनी मिठाचं पाणी आटवायला असंच यंत्र लावलं होतं. त्याच्या थोडं आधी, १८५२ मध्ये, विल्यम थॉमसन म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन यांनी इमारती तापवायला ही कल्पना कागदावर मांडली. झ्युरिकच्या नगरभवनात १९३८ मध्ये लिमात नदीच्या पाण्यातून उष्णता घेणारा पंप बसला. आज नॉर्वेत दहापैकी साधारण सहा घरांत हीट पंप आहे, आणि नॉर्वे म्युनिकपेक्षा थंड.

मामा : नॉर्वेचं सांगू नकोस. त्यांची वीज धरणांवरची. आपल्या उकाईसारखी धरणं देशभर असती तर मीही बॉयलरऐवजी हीटर लावा म्हटलं असतं.

मामांचा हा मुद्दा मला बिनतोड वाटतो. नॉर्वेत घरं आधीच विजेच्या हीटरवर तापत होती. हीट पंप आला आणि बिल कमी झालं. जिथे तळघरात चालू गॅस बॉयलर आहे आणि गॅस विजेपेक्षा स्वस्त आहे, तिथलं गणित वेगळं. त्याकडे दोघं नंतर वळले. आधी मामांनी बर्फाचा विषय काढला.

मामा : बाहेरची कॉइल हवेहून गार असणार. दमट हवा तिच्यावरून जाणार. मग ती गोठणार नाही?

भाची : गोठते. शेजाऱ्यांच्या अंगणातलं युनिट मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून रोज बघते. उणे दहाला फारसं नाही, कारण त्या हवेत बाष्पच कमी. शून्य ते पाच अंशांत, धुक्यात, तेव्हा सगळ्यात जास्त. आधी पत्र्यांच्या कडांवर पांढुरकी झाक येते. मग फटी बुजत जातात, पंख्याचा आवाज जड होतो. एका क्षणी पंखा थांबतो, आतला व्हॉल्व्ह फुस्स करून उलटतो आणि घरातली थोडी उष्णता कॉइलकडे जाते. बर्फ सुटून पाणी खाली पडतं, युनिटमधून वाफेचा मोठा लोट उठतो. काही मिनिटांत पंखा पुन्हा सुरू.

मामा : म्हणजे तेवढा वेळ घराची उष्णता घरातूनच काढायची. आणि ते पाणी? खाली पडल्यावर त्याचाही बर्फच होणार.

भाची : म्हणून युनिटखाली खडीचा खड्डा करतात, जमीन गोठते त्याहून खोल, म्हणजे पाणी मुरून जातं. नुसत्या सिमेंटच्या ओट्यावर युनिट ठेवलं तर हिवाळाभर तिथे बर्फाचा थर. तो वाढत वाढत पंख्याला लागू शकतो.

मामा : मग मशीनपेक्षा फिटर बघ. आमच्याकडे बॉयलर बसवायचा म्हणजे इन्स्पेक्टर येऊन हायड्रॉलिक टेस्ट करायचा, तेव्हा कुठे वाफ काढायची परवानगी. घरच्या मशीनला असं कोण बघतं?

भाची : तेवढं कडक नाही. तपासणी आहे, पण कागदाची जास्त.

मामा : तीच माझी काळजी. बरं, आता मुद्द्याचं. आम्ही मिलला आठ किलो दाबाची वाफ द्यायचो. म्हणजे पावणेदोनशे अंश. पॉलिएस्टरवर रंग नीट चढवायला जेट मशीनमध्ये कापड दाबाखाली १३० अंशाला फिरवावं लागतं. १२० ला लॉट काढला की शेड हलकी, सगळा माल परत. उष्णता म्हटली की माझ्या डोळ्यांपुढे हे येतं. तुझी मशीन किती देणार?

भाची : पस्तीस ते पंचावन्न. प्रोपेनच्या नव्या मशीन सत्तरपर्यंतही जातात, पण मला तिथे न्यायची नाही.

मामा : मग कमजोर झाली.

भाची : मामा, मला कापड रंगवायचं नाही. खोली एकवीस अंशांवर ठेवायची आहे.

मामा : ते खरं. पण खोली एकवीसची ठेवायला रेडिएटर सत्तरचाच लागतो. तुझा आत्ताचा बॉयलर किती देतो?

भाची : कडाक्याच्या थंडीत सत्तर. पण तो लावला त्या माणसाने आकडा तसा ठेवला म्हणून. जाळाला पाणी पन्नासचं करायचं की सत्तरचं याने फारसा फरक पडत नाही, ज्योत दोन्हींपेक्षा कितीतरी गरम असते. त्यामुळे कुणी विचारच केला नाही. पाणी जास्त गरम सोडलं की तक्रार येत नाही, मग सोडा. हीट पंपाला मात्र एकेका अंशाची किंमत पडते. त्याला उष्णता बाहेरच्या तापमानावरून पाण्याच्या तापमानापर्यंत चढवायची असते. चढ जितका मोठा तितकी वीज जास्त.

इथे मामांनी वही मागितली. तीस-पस्तीस वर्षं दर तासाला लॉगबुकात वाफेचा दाब, फीड वॉटरचं तापमान आणि चिमणीतल्या धुराचं तापमान लिहिलेला हात आहे तो. आकडा कागदावर उतरल्याशिवाय त्यांना बोलल्यासारखं वाटत नाही. मुलीने सूत्र सांगितलं, त्यांनी हाताने भागाकार केले. तापमान निरपेक्ष शून्यापासून मोजायचं. बाहेर उणे १० आणि पाणी ३५ चं हवं, तर ३०८ भागिले ४५, म्हणजे एका युनिट विजेत जास्तीत जास्त सात युनिट उष्णता. पाणी ५५ चं हवं, तर ३२८ भागिले ६५, पाच. पाणी ७० चं हवं, तर ३४३ भागिले ८०, चार-सव्वाचार. ही सिद्धांताची कमाल. खरी मशीन याच्या निम्म्यापर्यंतही जेमतेम पोचते: साधारण तीन, सव्वादोन आणि दोनच्याही आत. मामा त्या तीन ओळींकडे बराच वेळ बघत राहिले.

मामा : म्हणजे बाहेर किती थंड आहे ते आपल्या हातात नाही, पण वरचा आकडा आपल्या हातात आहे.

भाची : हेच मला सांगायचं होतं. आणि उणे दहा रोज नसतं. म्युनिकला हिवाळ्याचे बरेच दिवस शून्याच्या आसपास, थोडे वर. वर्षभराची सरासरी त्यावर ठरते. ढोबळ हिशेब असा की पाणी एक अंशाने कमी करता आलं तर वीज दोन-अडीच टक्के वाचते.

मामा : पण पंचेचाळीसचं पाणी सोडलं तर रेडिएटर कोमट. हात लावला तर कळणारही नाही की चालू आहे.

भाची : तो कोमट असूनही खोली गरम राहिली पाहिजे, एवढंच बघायचं. उष्णता तापमानाने जाते तशी क्षेत्रफळानेही जाते. मोठा रेडिएटर कमी तापमानात तेवढीच उष्णता देतो. जुन्या घरांत रेडिएटर बऱ्याचदा गरजेपेक्षा मोठे लावलेले असतात, आणि नंतर कुणी खिडक्या बदलल्या, कुणी छतावर थर घातला की ते आणखी मोठे ठरतात. फ्राइबुर्गच्या फ्राउनहोफर संस्थेने जुन्या घरांत बसवलेल्या हीट पंपांवर मीटर लावून मोजमाप केलं. हवेतून उष्णता घेणाऱ्या मशीनची वर्षाची सरासरी निघाली ३.१, जमिनीतून घेणाऱ्यांची ४.१. घर किती जुनं याचा आणि या आकड्याचा सरळ संबंध लागला नाही. रेडिएटरला पाणी किती अंशाचं जातं, त्याचा लागला.

मामा : ३.१ ही सरासरी झाली. सगळ्यात खाली कोण होतं?

भाची : अडीच. वर ३.८.

मामा : आणि तुझं घर अडीचमध्ये निघालं तर?

हा या संपूर्ण बोलण्यातला सगळ्यात चांगला प्रश्न होता. मुलीने त्याला बगल दिली नाही. जर्मनीत घरगुती विजेचं एक युनिट गॅसच्या एका युनिटच्या ढोबळ मानाने तिप्पट महाग आहे. तिच्यासारख्या घराला वर्षाला वीस हजार युनिट उष्णता लागते असं धरू. नव्वद टक्के कार्यक्षम बॉयलरला त्यासाठी २२,२०० युनिट गॅस लागेल. ३.१ च्या हीट पंपाला ६,४५० युनिट वीज लागेल. ती तिप्पट दराने मोजली तर १९,३५० युनिट गॅसच्या किमतीची. म्हणजे तेरा टक्के बचत, वर्षाला तीनशे-सव्वातीनशे युरो. तोच पंप २.७ वर चालला तर बरोबरी. २.५ वर चालला तर दरवर्षी गॅसपेक्षा जास्त खर्च.

मामा : म्हणजे पाणी थोडं गरम लागलं की सगळा फायदा गेला. आणि बसवायचा खर्च वेगळाच.

भाची : खर्चाला सरकारची मदत आहे. २०२४ पासून नव्या नियमांत तीस टक्के सगळ्यांना, चालू असलेला जुना बॉयलर काढला तर आणखी वीस, प्रोपेनसारखा वायू असेल तर पाच. तीस हजार युरोंपर्यंतचा खर्च त्यासाठी धरतात. विजेचं म्हणाल तर हीट पंपासाठी वेगळं मीटर आणि स्वस्त दर मिळतो. छतावर सोलर टाकलं की आणखी.

मामा : डिसेंबरात म्युनिकला सोलर किती देतं?

भाची : जवळजवळ काही नाही. ऑक्टोबर आणि मार्चमध्ये देतं.

मामा : सरकारची मदत सरकार बदललं की बदलते. तुमच्याकडे घर तापवण्याच्या नव्या कायद्यावरून लोक किती भांडले ते मी बातम्यांत वाचलं. २०२३ मध्ये साडेतीन लाख मशीन विकल्या गेल्या आणि पुढच्या वर्षी दोन लाखही नाही. माल चांगला असता तर लोकांनी पाठ फिरवली नसती.

भाची : २०२२ मध्ये रशियाचा गॅस बंद झाला तेव्हा लोक घाबरून धावले. मग कायद्यात नेमकं काय येणार, मदत किती मिळणार हे महिनोन्‌महिने ठरेना, लोक थांबले. गॅसही उतरला. मशीन तीच होती. पण दर वर-खाली होणार हे तुम्ही म्हणता ते खरंच. फक्त गॅसच्या बाजूनेही ते होणार. तिथे गॅसवर कार्बनचा आकार आहे, २०२५ मध्ये टनाला ५५ युरो. तो कमी व्हायची शक्यता मला दिसत नाही.

मामा : धुरावर पैसे लावले की काय होतं ते मी बघितलंय. २०१९ मध्ये आपल्या सुरतेतच प्रदूषण मंडळाने धुरातल्या कणांचा बाजार सुरू केला. चिमणीत सेन्सर बसले. सगळ्या मिलांना मिळून एक मर्यादा, ज्याचा धूर कमी त्याने परवाने विकायचे, ज्याचा जास्त त्याने विकत घ्यायचे. आधी सगळे म्हणाले धंदा बसेल. बसला नाही. जी बॅगफिल्टरची आणि सायक्लोनची देखभाल कधी होत नव्हती ती व्हायला लागली.

कणांच्या प्रदूषणासाठी असा बाजार जगात कुठेही सुरू झाला तो पहिल्यांदा सुरतेत. अर्थशास्त्रज्ञांनी मागून केलेल्या अभ्यासात या योजनेतल्या कारखान्यांचं कणांचं उत्सर्जन वीस ते तीस टक्के घटल्याचं दिसलं. सुरतकर मराठी माणसाला याचा अभिमान वाटायला हरकत नाही. त्या सेन्सरखाली बॉयलरवर उभी असलेली बरीच माणसं आपली होती.

मामा : पण तुझी वीज येते कुठून? तू घरात जाळ बंद केलास, ठीक. तिकडे पॉवर हाऊसमध्ये माझ्यासारखाच कुणीतरी बॉयलरवर उभा असेल.

भाची : काही दिवस असेल. जर्मनीची निम्म्याहून जास्त वीज आता वारा, सूर्य, पाणी यांची. पण जानेवारीत वारा पडला आणि ढग आले की कोळसा आणि गॅस चालतो, हे खरं आहे. तरी बघा. एक युनिट गॅस घरच्या बॉयलरमध्ये जाळला तर ०.९ युनिट उष्णता. तोच गॅस आपल्या कवासच्या एनटीपीसीसारख्या प्लांटमध्ये जाळला आणि त्याची अर्धा युनिट वीज घरापर्यंत पोचली, आणि पंपाने ती तिप्पट केली, तर दीड युनिट.

मामा : आणि तुमच्या त्या अडीचवाल्याला?

भाची : सव्वा. तरी ०.९ पेक्षा जास्त. कोळशाच्या विजेचं गणित मात्र याच्याहून अवघड आहे. आपल्याकडे एक युनिट विजेमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड जातो, गॅसच्या युनिटमागे ०.२. म्हणून सुरतेत साधा विजेचा गिझर गॅस गिझरपेक्षा तिप्पट घाण करतो. हीट पंपाचा गिझर लावला तर आपल्या हवेत तो सहज साडेतीन-चार देतो, कारण इथे चढच पंचवीस-तीस अंशांचा. मग तो गॅसच्या बरोबरीला येतो, थोडा पुढेही जातो. मोठ्या सोसायटीने टेरेसवर एकच बसवावा असं माझं म्हणणं आहे. जिथे सोलर वॉटर हीटरला जागा पुरते तिथे तोच बरा.

मामा : कवासचं तू काढलंस म्हणून सांगतो. तिथे २०२३ पासून कॉलनीच्या पाइप गॅसमध्ये हायड्रोजन मिसळतात. देशातला पहिला प्रयोग. पाइप तेच, शेगडी तीच. तुमच्याकडेही गॅसमध्ये हळूहळू हायड्रोजन येईल, मग बॉयलर काढायचा कशाला?

भाची : त्या प्रयोगाबद्दल मला आदर आहे. पण तिथे मिसळतात तो आठ टक्के हायड्रोजन आकारमानाने. हायड्रोजन हलका, त्याची उष्णता मोजली तर तीन टक्क्यांच्या आत. शिवाय तो सोलरच्या विजेने पाणी फोडून करायचा. एक युनिट वीज घातली की हायड्रोजनमध्ये साधारण दोन-तृतीयांश उरते, जाळून घरात ०.६. तीच वीज थेट हीट पंपाला दिली तर तीन. हायड्रोजन तुमच्या मिलला द्या, मामा. १३० अंश आणि स्टेंटरचे दोनशे अंश ही खरी गरज आहे, तिथे माझी मशीन पोचत नाही. एकवीस अंशांच्या खोलीसाठी तो जाळणं मला पटत नाही.

मामा यावर काही बोलले नाहीत. मला वाटतं मिलला वेगळं आणि घराला वेगळं हे त्यांना तेव्हा पटलं, कारण नंतर त्यांनी हायड्रोजन पुन्हा काढला नाही. त्यांनी दुसरं टोक धरलं.

मामा : २००६ चा पूर आला तेव्हा तू लहान होतीस. उकाईतून पाणी सोडलं आणि सुरत बुडाली. दिवसेंदिवस वीज नाही. सिलिंडर होता म्हणून चहा झाला, लहान पोरांना दूध तापवता आलं. सगळं घर एका तारेवर टांगू नये. उणे दहाला तार तुटली तर?

भाची : आत्ताही तेच होईल. गॅस बॉयलरचा पंप, पंखा, कंट्रोल, सगळं विजेवर. वीज गेली की तोही बंद.

मामा : हं. आमचाही धूर ओढणारा आयडी फॅन बंद पडला की जाळ विझवावाच लागायचा. बरोबर आहे. पण मग घरात विजेविना चालणारं काहीतरी ठेव.

भाची : बैठकीत लाकडाची लोखंडी शेगडी आहे, धुराडं चालू आहे. ती काढायचा विचार होता.

मामा : काढू नकोस.

भाची : नाही काढत.

मामा : आणि मशीन मोठी घे. कमी पडण्यापेक्षा जास्त बरी.

भाची : इथे मात्र तुम्हीच तुमच्या विरुद्ध बोलताय. मिलमध्ये अर्धी मशीन बंद असली आणि मोठा बॉयलर चालवला तर काय व्हायचं?

मामा : सारखा चालू-बंद. कोळसा जास्त, वाफ ओली, दाब हलायचा. हो, ते आहे.

भाची : हीट पंपाचंही तेच. गरजेपेक्षा मोठा घेतला की दहा मिनिटं चालतो, थांबतो, पुन्हा सुरू होतो. काँप्रेसर झिजतो आणि तीनचा अडीच होतो. बसवणारे खात्री म्हणून मोठा सुचवतात आणि मागून लोक मशीनला नावं ठेवतात. माझ्या घराला दहा-अकरा किलोवॅट लागेल असं वाटतं. पण ‘वाटतं’ यावर मला पैसे घालायचे नाहीत.

मामा : मग आधी मोजायला हवं. आणि मोजायच्या आधी गळती बंद करायला हवी. मी लागलो तेव्हा मिलमध्ये वाफेच्या लाइनवर कितीतरी ठिकाणी उष्णता धरणारं लॅगिंग उडालेलं होतं. स्टीम ट्रॅप गळायचे, कंडेन्सेट गटारात. मालक म्हणायचे, वाफ पुरत नाही, नवा बॉयलर घेऊ. लॅगिंग केलं, ट्रॅप बदलले, कंडेन्सेट टाकीत परत आणलं, आणि त्याच बॉयलरवर दोन जेट जास्त चालली. तुझ्या घराची माळ्याची बाजू उघडी आहे का?

भाची : माळ्यावर जुना पातळ थर आहे. तळघराच्या छताला काहीच नाही.

मामा : ते आधी कर. त्याला मशीनच्या मानाने पैसे कमी लागतात. खिडक्यांच्या फटी बघ. मग रेडिएटर. मिलमध्ये हेडरच्या जवळच्या मशीनला सगळी वाफ आणि टोकाच्या मशीनला काही नाही, असं नेहमी व्हायचं. तुझ्याकडे पाण्याचंही तसंच होत असणार.

भाची : होतं. वरच्या मजल्यावरची कोपऱ्यातली खोली नेहमी गार. प्रत्येक रेडिएटरचा व्हॉल्व्ह लावून पाणी वाटून द्यावं लागतं. त्याला तिथे हायड्रॉलिक बॅलन्सिंग म्हणतात आणि सरकारी मदत हवी तर ते करावंच लागतं.

मामा : मदत नसती तरी केलं पाहिजे. आता माझं ऐक. बॉयलर चालू आहे, तो काही आज बंद पडत नाही. गेल्याबरोबर त्याचं पाणी पन्नासवर आण. जानेवारीतला सगळ्यात थंड आठवडा त्यावर काढ. प्रत्येक खोलीत थर्मामीटर, सकाळी आणि रात्री लिहायचं. जाणारं पाणी, परत येणारं पाणी, बाहेरचं तापमान, गॅसचं मीटर. घर पन्नासला राहिलं तर पंचेचाळीस करून बघ.

भाची : एक गोष्ट तुम्ही सोडताय. बॉयलर वीस वर्षांवरचा आहे. तो कधीतरी फेब्रुवारीच्या रात्री बंद पडेल, तेव्हा विचार करायला वेळ नसेल. फिटर गाडीत जो बॉयलर घेऊन येईल तो लागेल, आणि पुढची वीस वर्षं तोच. मला त्याच्या आधी ठरवायचंय.

मामा : ठरव की. मी थांब म्हणत नाही, मोजून ठरव म्हणतो.

भाची : तुम्ही मनातून गॅसच्याच बाजूचे आहात.

मामा : आहे. जाळ डोळ्यांना दिसतो, ज्योत पिवळी झाली की हवा कमी पडली हे कळतं. तुझ्या मशीनचं पोट बंद. बिघडली तर बोर्ड बदला. ते मला अजून पटलेलं नाही, आणि तेरा टक्क्यांसाठी एवढी उलथापालथ करणंही पटलेलं नाही. पण पंचेचाळीसच्या पाण्यावर तुझं घर एकवीस अंशांवर राहिलं, तर माझ्याकडे बोलायला काही उरणार नाही. तेव्हा तो पंप साडेतीन देईल, आणि मग तेराचे तेवीस टक्के होतील.

भाची : आणि पंचावन्नलाही गार राहिलं तर?

मामा : तर फिटरला बोलावू नकोस, आधी माळा आणि तळघर.

भाची : आणि मधेच अडकलं तर? बाकी सगळं घर ठीक आणि ती एक कोपऱ्यातली खोली सतरावर?

मामा : मग त्या खोलीचा रेडिएटर दुप्पट मोठा घाल आणि पुन्हा एक आठवडा चालव. वही इकडे पाठव. मी बघतो.